इर्माबाईंच्या बशीखालचा कागद

एकोणतीस तारखेला नेलिदाकडे न्योकी असतात, हे साल्तो गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या दोन्ही भावांनाही ठाऊक होतं. पण बाबा गेले, झेर्बोनी बँकेचे तीन तुकडे झाले आणि तेव्हापासून थोरला एबेर राजधानी मॉन्तेविदेओहून कधी जेवायला म्हणून आला नव्हता, की धाकटा मिल्टन पायसान्दूहून. म्हणून जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या गारठलेल्या सोमवारी, आमंत्रण नसताना, दोघांच्या गाड्या एकामागोमाग दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा नेलिदाला भरून वगैरे काही आलं नाही.

एबेर म्हणाला, वाटेनेच चाललो होतो. साल्तोच्या पुढे फक्त नदी आहे आणि नदीपलीकडे अर्जेन्टिना, जिथे त्या वर्षी कोणी शहाणा माणूस हौसेने जात नव्हता. मिल्टनने निदान थाप तरी गोड मारली. त्याला म्हणे पायसान्दूत बसल्या बसल्या न्योकीचा वास आला.

नेलिदाने दोघांचे कोट घेतले. एबेरने आपली चामडी बॅग मात्र हातातून सोडली नाही, आणि ती टेबलाखाली दोन पायांच्या मध्ये ठेवून तो जेवायला बसला. बासष्टाव्या वर्षी नेलिदाला माणसं ओळखायला चष्मा लागत नव्हता. भाऊ आपल्याकडे कशाला आलेत हे तिला कळत नव्हतं एवढंच, पण प्रेमाने आलेले नाहीत हे नक्की कळत होतं.

आता न्योकी म्हणजे काही मेजवानी नव्हे. उकडलेल्या बटाट्याचे गोळे, वर टोमॅटोचा रस्सा. महिनाअखेरीला खिसे फाटके असतात म्हणून तिकडच्या गरिबाने शोधलेलं जेवण, आणि पुढचा महिना बरा जावा म्हणून बशीखाली एक नोट ठेवायची, ती असेल तेवढ्या किमतीची. झेर्बोनींनी मात्र या गरिबाच्या विधीला कोट-टाय घातला होता. बाबांच्या काळापासून त्यांच्या घरी प्रत्येक बशीखाली दहा डॉलरची कोरी करकरीत नोट असायची, आणि पाहुण्याने जाताना ती घेऊन जायची. झेर्बोनी याला श्रद्धा म्हणायचे. गाव याला जाहिरात म्हणायचं, पण नोट घेऊन जायचं.

बशा मांडायचं काम नेलिदाच्या नवऱ्याचं. ओलेगारियो हा निवृत्त गुरांचा डॉक्टर. सगळी हयात गाईंची बाळंतपणं करण्यात गेल्यामुळे तो कशानेच घाबरत नसे आणि कशाचीच घाई करत नसे. शुक्रवारी नेलिदाने घरातला झाडून सगळा डॉलर बँकेच्या तिजोरीत नेला होता. ओलेगारियोच्या कोटाच्या अस्तरात होता तोसुद्धा. नेताना ती बजावून गेली होती की घरात एकही डॉलर दिसता कामा नये. बशांचं काय करायचं हे ती सांगून गेली नव्हती आणि ओलेगारियोनेही विचारलं नव्हतं. त्याने सरळ आपले साधे वीस-वीस पेसो ठेवले. एक नोट कमी पडली. तेव्हा त्याने खण उपसून जो हाती लागला तो कागद शेवटच्या बशीखाली सारला.

त्या बशीपुढे येऊन बसल्या इर्माबाई.

इर्माबाईंच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. औषधं नवरा विकायचा, बातम्या बाई फुकट वाटायच्या. पाद्री आन्सेल्मोंनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा इर्माबाईंनी नेहमीप्रमाणे एकच मिटला आणि काट्याच्या टोकाने बशी जराशी उचलली.

नेलिदाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं लक्ष भावांकडे होतं, कारण भाऊ आता एकमेकांशी फार गोड बोलायला लागले होते. एबेर चीज पुढे करत मिल्टनला विचारत होता, काय म्हणतं पायसान्दू, आणि परत जाताना वाटेत थांबून माझे पैसे तुझ्याकडे आहेत त्यातले थोडे घेऊन जावे म्हणतो, घाई मुळीच नाही. मिल्टन म्हणाला, वा, अवश्य, आणि पाव मोडत नेलिदाकडे वळला. त्याचे तिच्याकडे होते ते आजच मिळाले तर बरं, घाई त्यालाही नव्हती. नेलिदाने दोघांना रस्सा वाढला. गंमत अशी की तिचे एबेरकडे होते, आणि सकाळपासून ती त्यालाच फोन करायचा धीर गोळा करत होती.

ही व्यवस्था बाबांची. तीन मुलांना तीन बँका दिल्या तेव्हा त्यांनी अट घातली होती की प्रत्येकाने आपल्या हातचा जास्तीचा पैसा दुसऱ्याकडे ठेवायचा. नेलिदाचा एबेरकडे, एबेरचा मिल्टनकडे, मिल्टनचा नेलिदाकडे. एकमेकांच्या खिशात हात असले की ते गळ्याकडे जात नाहीत, असं ते म्हणाले होते. बारा वर्षं हात गळ्याकडे गेलेही नव्हते. ज्याला गरज पडेल त्याने संध्याकाळी एक फोन करायचा, दुसऱ्याने पाठवून द्यायचे, आठवड्याने परत. तिघांना एकाच दिवशी गरज पडेल हे बाबांच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाच्याच आलं नव्हतं.

"गॅस," इर्माबाई एकदम म्हणाल्या.

सगळ्यांनी वर पाहिलं. त्यांना म्हणे आत्ता आठवलं, की घरी गॅस चालू राहिलाय. नवरा घरीच आहे हे पाद्रींनी सांगून पाहिलं, पण तोवर त्यांचा एक हात कोटात गेलेला होता. इर्माबाईंनी भरली बशी सोडून उठणं साल्तोत याआधी एकदाच घडलं होतं, आणि तेव्हा नदीला महापूर आला होता. दार लागल्याबरोबर नेलिदा उठली आणि तिने ती बशी उचलली.

खाली नदीपलीकडच्या अर्जेन्टिनातल्या प्रांताच्या सरकारने नोकरांचे पगार भागवायला स्वतःच छापलेला कागद होता. नोटेसारखा दिसणारा. तो त्याच प्रांतातला खाटीकसुद्धा तोंड वाकडं करून घेत होता.

"जाड्या," ती नवऱ्याला म्हणाली, "हे काय आहे?"

"सुबक छापलाय," ओलेगारियो म्हणाला. "एक नोट कमी पडली, म्हातारे. तूच म्हणालीस डॉलर नको."

बोलण्यात अर्थ नव्हता. डिसेंबरात पलीकडच्या बँकांनी आपल्या लोकांचे पैसे कोंडून ठेवले, तेव्हा ते लोक होड्या भरभरून अलीकडे आले आणि इथे ठेवलेले काढून घेऊन गेले. ते काढतायत हे बघून अलीकडचे लोकही काढायला लागले. इतके महिने साल्तोत एकच घर होतं जिकडे बघून गाव म्हणायचं, छे, झेर्बोनींचं काही नाही, त्यांच्याकडे अजून बशीखाली डॉलर असतो. आणि आज बशीखाली हा निघाला होता. बँक दुपारी एकला उघडते. बातमी चौकभर पोचवायला इर्माबाईंना उरलेला अर्धा तास म्हणजे चैन होती.

पाद्री आन्सेल्मो मोठे समजूतदार. त्यांनी आपल्या बशीखालचे वीस पेसो न उचलता तसेच ठेवले, जेवण उत्तम झालं म्हणाले आणि निघाले. नेलिदाला वाटलं, देवाचा माणूस चर्चमध्ये जाऊन चार शब्द आपल्या बाजूने बोलेल.

भावंडं उठून ओलेगारियोच्या जुन्या दवाखान्यात जाऊन बसली, कारण घरात दार लागणारी खोली तेवढीच होती. भिंतीवर वासरं ओढायचे दोर, कपाटात पोटफुगीची औषधं. तीन बँकवाले तीन स्टुलांवर. तिथे एबेरने साखरेचा मुलामा खरवडून टाकला आणि खरं काय ते सांगितलं. त्याचा एक शाळासोबती सरकारात होता. उद्या सकाळी देशातल्या सगळ्या बँकांना सरकार टाळं घालणार होतं, अंगात बळ आहे त्यांना आणि नाही त्यांनाही, चार-आठ दिवस. बाहेरून मोठं कर्ज येईपर्यंत.

"म्हणजे आज संध्याकाळी पाचपर्यंत जो उघडा राहील," तो म्हणाला, "तो उद्या सगळ्यांबरोबर मानाने बंद होईल. आज जो स्वतःच्या हाताने दार लावेल, त्याने दिवाळं काढलं."

"मग आज पाचपर्यंतच निभवायचं आहे," नेलिदा म्हणाली.

"तेवढंच. माझ्याकडे अजून रांग नाही. कुणाकडे आहे?"

मिल्टनने दोराकडे बघत सांगितलं की त्याच्याकडे शुक्रवारपासून आहे. संत्रीवाल्यांना दिलेलं कर्ज चोख होतं, मेंढ्यावाल्यांचं त्याहून चोख. पण संत्रं पिकायचं तेव्हाच पिकतं, मेंढीची लोकर निघायची तेव्हाच निघते. तिला जाऊन कानात सांगता येत नाही की बाई, आज रांग लागलीय. एबेर म्हणाला, माझंही सगळं चोख आहे. नेलिदाचंही चोख होतं. इतकी चोख माणसं आणि एकाच्याही हातात रोकड नाही, असा तो प्रकार होता.

मिल्टनने सुचवलं की तिघांचं तिघांत फिरतंय तर कागदावर काट मारून टाकू, कुणी कुणाचं लागत नाही. एबेरने त्याला विचारलं की काट मारलेला कागद तू रांगेतल्या माणसाला देणार का.

मग नेलिदाने बॅगेकडे बोट दाखवलं.

एबेर थोडासा लाजला, जे त्याला लहानपणीही जमत नसे. त्याने सांगितलं की मागायला जाताना माणसाने भरलेली बॅग घेऊन जावं, म्हणजे समोरचा आपल्याला गरजू समजत नाही. बॅगेत डॉलर होते, बरेच. मिल्टनला ती उघडून दाखवायची आणि मग सहज म्हणून आणखी मागायचे, असा बेत होता, पण पायसान्दूत पोचला तर मिल्टन इकडे निघालेला, म्हणून तोही मागोमाग आला होता.

"तुझ्याकडे माझे आहेत," नेलिदा म्हणाली. "बॅग इकडे दे."

"नेलि, ती माझी आहे."

"मग मी आत्ता फोन उचलते आणि तुझ्या मुख्य कचेरीत माझे सगळे पैसे मागते. बहिणीने भावाकडचे काढून घेतले हे राजधानीत कळायला किती वेळ लागेल, तू सांग."

एबेरने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग होता आणि थोडं कौतुकही होतं; बाबा असेच बोलायचे. त्याने पायाने बॅग तिच्याकडे सरकवली.

मग मिल्टन बोलला, आणि तो आवाज न चढवता बोलला, हे नेलिदाला पुढे फार दिवस जाचत राहिलं.

"त्याच्याकडे तुझे होते, ते तुला मिळाले," तो म्हणाला. "तुझ्याकडे माझे आहेत."

"उद्या देते."

"उद्या टाळं आहे. आत्ताच ऐकलंस."

"मिल्टन, इर्माबाई बाहेर पडलीय. एकच्या ठोक्याला माझ्या दारात सगळं गाव असणार."

"माझ्या दारात शुक्रवारपासून आहे. निम्मे तरी दे."

तिने मनातल्या मनात हिशोब मांडला. निम्म्यात ती पाचपर्यंत पुरली नसती. निम्म्यात तोही पुरला नसता. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. मिल्टन तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आई आजारी असायची म्हणून याला चालायला तिने शिकवलेलं. पण बँकेत बारा माणसं कामाला होती, दारावर बाबांचं नाव होतं, आणि बॅग तिच्या पायाशी होती.

"निम्म्यात दोघेही बुडू," ती म्हणाली. "एक तरी राहू दे."

मिल्टनने मान डोलावली, जणू तिने दुकानातल्या एखाद्या वस्तूचा भाव सांगितला आणि त्याला तो परवडला नाही. त्याने कोट घेतला. जाताना ओलेगारियोने त्याच्या हातात झाकणाच्या डब्यात न्योकी दिले. पायसान्दूचा रस्ता दीड तासाचा, आणि माणसाने उपाशी गाडी चालवू नये असं त्याचं मत होतं.

एकला बँकेचं दार उघडलं तेव्हा रांग चौकाला वळसा घालून पुतळ्यापर्यंत गेली होती. साल्तोची माणसं सभ्य. कुणी ओरडत नव्हतं. सगळे एकमेकांना सांगत होते की आपण असेच आलोय, छोटं काम आहे. कुणाला म्हणे मुलीच्या लग्नाची खरेदी करायची होती, ज्याला मुलगी नव्हती त्याला दात बसवायचे होते. नेलिदाने बॅग सगळ्यांसमोर उघडली आणि नोटांच्या थप्प्या काउंटरवर, काचेमागे, मांडून ठेवायला लावल्या. रोखपाल वॉल्तेरला बजावलं की ज्याला जेवढे हवे तेवढे हसत दे. मग ती गालात हसू धरून रांगेच्या बाजूने चालत गेली, आणि मध्यावर तिला पाद्री आन्सेल्मो उभे दिसले.

"फादर, तुम्हीपण?"

पाद्री वरमले, पण जागचे हलले नाहीत. "चर्चच्या छपराचे पैसे आहेत, बाई. माझा देवावर विश्वास आहे आणि तुमच्यावरही आहे. पण माझ्या पुढे ही एवढी माणसं उभी आहेत ना, त्यांचा तुमच्यावर नाही. ते सगळं घेऊन गेले तर माझ्या विश्वासाचं मी काय करू?"

नेलिदाला राग आला. पण त्यांच्या जागी ती असती तर तीही तिथेच उभी राहिली असती. रांगेतला एकही माणूस वेडा नव्हता. एकेकाला धरून विचारलं असतं तर प्रत्येकाने सांगितलं असतं की बाकीचे घरी गेले तर मीही जातो.

तरी काचेमागच्या थप्प्यांनी आपलं काम केलं. तीनच्या सुमाराला रांगेच्या शेपटीतली माणसं पुढे येऊन डोकावली, थप्प्या बघितल्या, ओशाळली आणि घरी गेली. संत्र्यांच्या वखारीचा मालक दोन पिशव्या घेऊन आला होता. त्याने रिकाम्याच घडी घालून बगलेत मारल्या आणि नेलिदाला म्हणाला, बायकोने पाठवलं होतं. एक-दोघांनी तर काढलेले परत भरले. पाद्रींनी छप्पर बँकेतच राहू दिलं. एबेर मॅनेजरच्या खोलीत बसून माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत होता. तो नेलिदाला म्हणाला, जिंकलीस. तिलाही तसं वाटलं. त्या आनंदात पाव मिनिट ती मिल्टनला विसरली.

चारला चौकापलीकडच्या उपाहारगृहातल्या रेडिओने सांगितलं की पायसान्दूत झेर्बोनी बँकेने दार लावलं.

आता खरी गोष्ट अशी की तिन्ही बँकांच्या पाटीवर नाव एकच होतं. खाली कंसात बारीक अक्षरांत साल्तो, पायसान्दू, मॉन्तेविदेओ असं लिहिलेलं होतं. बारा वर्षं नेलिदा म्हणत होती की पाट्या बदलू, पण ती पितळी अक्षरं बाबांनी स्वतः निवडून आणलेली, म्हणून तिघांपैकी एकालाही हात लावावासा वाटला नव्हता. कंसातलं कोण वाचतो? रेडिओने झेर्बोनी म्हटलं, चौकाने झेर्बोनी ऐकलं. जी माणसं ओशाळून घरी गेली होती ती परत आली, आणि या खेपेला सभ्यपणा घरी ठेवून आली. वखारीचा मालक पिशव्या झटकत सगळ्यांच्या पुढे होता. काचेमागच्या थप्प्या उन्हातल्या लोण्यासारख्या गेल्या. साडेचारला वॉल्तेरने मान वर करून नेलिदाकडे पाहिलं, आणि तो हसत नव्हता.

पुढचा माणूस काउंटरला आला तो ओलेगारियो.

नेलिदाचा नवरा, टोपी हातात धरून, आपलं निवृत्तीचं खातं मोकळं करायला रांगेत उभा होता. ती पुढे धावणार, तेवढ्यात त्याने वॉल्तेरला विचारलं की हे सगळं नाण्यांत मिळेल का. वॉल्तेर क्षणभर बघत राहिला. मग त्यालाही उजाडलं. नाण्यांच्या पिशव्या तळघरात होत्या, त्या वर आल्या. ओलेगारियोला मोजून घ्यायची होती. मोजताना चुकला. पुन्हा पहिल्यापासून. मग त्याचा चष्मा सापडेना. मग सही जुळेना, कारण त्याने सही गुरांच्या औषधाच्या चिठ्ठीवर करायचा तशी केली होती. मागची माणसं चवताळली, पण निम्म्या गावाच्या गाई या माणसाने वाचवलेल्या, आणि त्याच्या अंगावर ओरडायचं कसं हे कुणाला समजेना. वखारीच्या मालकाने दात-ओठ खाल्ले. ओलेगारियोने मागे वळून त्याच्या गाभण गाईची चौकशी केली, सविस्तर. नेलिदा दारात उभी होती आणि लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर तिला या जाड्या माणसावर इतकं प्रेम आलं की तिने त्याला बसायला खुर्ची पाठवली.

चर्चच्या घड्याळात पाच वाजले. शिपायाने पुढे होऊन, रोजच्यासारखं, अदबीने दार लावलं. काउंटरवर दोन थप्प्या शिल्लक होत्या. वॉल्तेरने कॉलर सैल केली आणि तो रडायला लागला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या सगळ्या देशाचं टाळं, आणि झेर्बोनी, कंसात साल्तो, त्यात मानाने बसणार होती.

नेलिदा एबेरला सांगायला आत गेली. तो नुकताच फोन ठेवून बसला होता.

"माझे मिल्टनकडे होते," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू नीट ऐक. माझं जवळजवळ सगळं मिल्टनकडे होतं. हे वर्ष बघून मला वाटलं, गावची बँक सुरक्षित. राजधानीत आत्ताच लोकांनी जोडून घेतलंय, की पायसान्दू बुडाली म्हणजे एबेर बुडाला. सरकार चार दिवसांनी टाळं काढेल, तेव्हा ज्यांना उघडायची परवानगी मिळेल त्यांत मी नसणार."

ती खुर्चीवर बसली. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. बॅगेत आलं ते तिच्या एबेरकडच्या पैशांचा एक कोपरा होता. बाकीचं सगळं एबेरकडे होतं. एबेर गेला की ते गेलं, आणि ते गेलं की तिच्याकडे उघडायला दार राहील, बँक राहणार नाही. बॅग मिल्टनला दिली असती तर तो पाचपर्यंत टिकला असता की नाही, कुणास ठाऊक. कदाचित रेडिओ बोललाच नसता. कदाचित तिची रांग तीनला पांगली ती पांगलीच राहिली असती. तिने भावाच्या पायाखालची फळी काढून स्वतःच्या पायाखाली घातली होती, आणि दोघांची फळी एकच होती. हे तिला दुपारी दवाखान्यातही कळत होतं, पण बॅग पायाशी असताना कळलेलं माणूस कळून घेत नाही.

"त्याला फोन कर," एबेर म्हणाला.

"मी?"

"मग कोण? मी त्याला काय सांगू?"

बराच वेळ रिंग वाजली. मग मिल्टनने उचलला. मागून दार बडवल्याचे आवाज येत होते, आणि एक बाई कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होती.

"मिल्टन, ठीक आहेस ना?"

"आत आहे. दार मजबूत आहे. ते बाहेर, मी आत, म्हणजे आजच्या दिवसापुरता मीच एकटा कोंडलेला." तो हसला, आणि ते हसू चांगलं जमलं नाही. "न्योकी खाल्ले. गार झाले होते, पण खाल्ले. ओलेगारियोला सांग."

तिला माफी मागायची होती. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात त्याने विचारलं, "नेलि, तू पाचपर्यंत उघडी होतीस ना?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

पलीकडे त्याने मोठा श्वास सोडला. कितीतरी वेळ रोखून धरलेला असावा.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "दुपारी गाडीत मी तुला काय काय शिव्या दिल्या सांगत नाही. पण तू म्हणालीस तेच बरोबर होतं. एक तरी राहिलं. बाबांचं एक तरी राहिलं ना, नेलि?"

एबेर तिच्याकडे बघत होता. बाहेर वॉल्तेर आणि बाकीची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

"राहिलं," ती म्हणाली.